भोकं पाडलेले राजे

मास्तरांची शोकसभा आमच्या लालबागच्या चाळीत झाली. चार माणसं बोलली आणि चौघंही तेच बोलली, की मास्तर जन्मात कधी खोटं बोलले नाहीत. मी पुढच्याच खुर्चीवर बसले होते. उठले आणि घरी आले. लोकांना वाटलं म्हातारीला रडू आलं. रडू कसलं डोंबलाचं. मला राग आला होता. मास्तर खोटं बोलले होते, माझ्यादेखत बोलले होते, आणि नेमकं जिथं खरं बोलायला हवं होतं तिथं बोलले होते.

आणि हे बोलणारे कोण? त्यांतल्या दोघांनी मास्तर जिवंत असताना त्यांच्या दाराला बाहेरून कडी घातली होती, पूजेला येऊन काहीतरी बोलतील म्हणून. माणूस मेला की सगळ्यांच्या जिभेला साखर लागते.

मास्तर म्हणजे चित्रकलेचे मास्तर. शाळा महापालिकेची होती. पोरं इंग्रजी शाळेत जायला लागली तशी ती ओस पडली आणि मग बंद झाली. मास्तरांनी लग्न केलं नव्हतं. आमच्याच मजल्यावर, नळाशेजारच्या खोलीत राहायचे. माझे मालक मिल बंद पडल्यावर फार दिवस जगले नाहीत. तेव्हापासून मी डबे करते, आणि मास्तरांचा डबा पहिल्यापासून माझ्याकडे. मला वहिनी म्हणायचे.

पांढरा पायजमा, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेला शर्ट, आणि गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेलं भिंग. भिंग ते आंघोळीलाच काय ते काढत असतील. भाजीवाल्याकडे गेले तरी आधी भिंग डोळ्याला. देवगडचा म्हणून कोणी आंब्याची पेटी आणली, की मास्तर एक आंबा उचलणार, देठाशी वास घेणार आणि भर गॅलरीत सांगणार, "कर्नाटकाचा आहे हो. पेटी तेवढी देवगडची." पैसे देऊन बसलेल्या माणसाला त्याचं काय करायचं असतं? पण मास्तरांना राहवायचं नाही.

त्यांना नाद होता रोमच्या नाण्यांचा. रोम कुठं आहे ते मला त्यांनीच नकाशात दाखवलं. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी तिथं जे राजे झाले त्यांची तोंडं असलेली नाणी. आता ती इंटरनेटवर विकायला असतात, भाजीसारखी. मास्तर रात्रंदिवस तेच बघत बसायचे. राजांची नावं मला जमायची नाहीत, म्हणून त्यांनी माझ्यासाठी वेगळी नावं ठेवली होती. एक जाड्या, एक दाढीवाला, एक चपटनाक्या. "वहिनी, आज जाड्या आलाय विकायला, पण तोंडाला सूज दिसतेय," असं म्हणायचे. म्हणजे खोटा.

पहिलं नाणं त्यांनी घेतलं तेव्हा आठवडाभर सगळ्या चाळीला दाखवलं. माझ्या हातात दिलं, म्हणाले, "धरा. हे हातात घेऊन कोणीतरी मासळी घेतली असेल." मग एक दिवस दुसऱ्याच एका विक्रेत्याकडे त्यांना तसंच नाणं दिसलं. राजा तोच, आणि कानामागचा ओरखडाही तोच. भिंगातून बघून बघून त्यांचा चेहरा उतरला.

मी म्हटलं, "असेल की. नाणी सारखीच असतात."

"ठसा सारखा असतो, वहिनी. ओरखडा पुढे वापरताना पडतो. दोन माणसांना एकाच जागी, एकाच मापाची जखम कशी होईल?"

म्हणजे कोणीतरी एका खऱ्या नाण्याचा साचा काढून त्यात धातू ओतला होता, ओरखड्यासकट. त्या रात्री मास्तर जेवले नाहीत. डबा तसाच परत आला. मला अन्न परत आलेलं खपत नाही. मी दारात जाऊन बोलले ते बोललेच.

पण त्यानंतर त्यांना जे वेड लागलं ते काही साधं नव्हतं. सोनाराचा छोटा काटा आणला. प्रत्येक नाण्याचं वजन करायचे. मग कड बघायची. खरं नाणं ठशाखाली ठेवून हातोड्यानं मारलेलं, त्याची कड दाबून फाकलेली असते, कधी कधी तडकते. ओतलेल्याच्या कडेला सांधा दिसतो, आणि तो घासून काढला तरी घासल्याचं कळतं. अंगावर बारीक खड्डे असतात, आंबोळीला जाळी पडते तसे. आणि मग चित्र. तिथं मास्तरांचा हात कोणी धरायचा नाही. म्हणायचे, "खोटं करणारा माणूस रेघ ओढताना भितो. जुना कारागीर घाईत असतो, चुकतो, अक्षर वाकडं काढतो, पण भीत नाही."

सगळ्यात शेवटी जीभ. नाणं तोंडाजवळ न्यायचे, वास घ्यायचे आणि जिभेचं टोक लावायचे. मला किळस यायची. कुठल्या मातीतलं, कुणाच्या हातातलं! म्हटलं, "आजार होईल." तर म्हणाले, "मातीत राहिलेल्याची चव वेगळी, औषध लावून हिरवं केलेल्याची वेगळी. डोळ्याला फसवता येतं. जिभेला फसवणं अवघड."

जिभेचा त्यांना गर्वच होता, आणि तो माझ्या डब्यावरही निघायचा. सोलकढी पाठवली की डब्यासोबत निरोप, "मीठ जास्त झालंय." इतक्या वर्षांत एकदा म्हणून बरोबर झालं नाही त्यांच्या मते. मी म्हणायची, "मग नका खाऊ." खायचे सगळं. डबा चाटून पुसून यायचा, आणि वर "मीठ जास्त".

खोटी नाणी ते परत पाठवायचे नाहीत. हा तर शुद्ध मूर्खपणा होता आणि मी तो त्यांना तोंडावर सांगितला होता. विक्रेता म्हणतो नाणं परत करा, पैसे घ्या. मग करा की! तर म्हणे, "परत केलं तर तो उद्या दुसऱ्याला विकेल. माझ्याकडे आलंय तर इथंच मेलेलं बरं." पुढं पुढं तर खोटं आहे हे फोटोतच कळत असून मुद्दाम विकत घ्यायला लागले. बाजारातून उचलायचं, म्हणून. पेन्शन अशी जायची. विकत घेतलेलं खोटं नाणं आलं की खिळा आणि हातोडी घेऊन गॅलरीत बसायचे, राजाच्या बरोबर गालात भोक पाडायचे आणि ते नाणं सुतळीत ओवायचे. ती माळ त्यांच्या खिडकीत टांगलेली असायची. वारा आला की खणखण वाजायची, कबुतरं उडून जायची. निदान तेवढा तरी उपयोग.

मास्तरांकडे पैसे पाठवायचं ते कार्ड वगैरे नव्हतं. त्यांचा पुतण्या दादरला राहतो, तो त्याच्या नावानं मागवायचा आणि पार्सलं त्याच्याच पत्त्यावर यायची. हे लक्षात ठेवा, पुढं त्याचं काम आहे.

आता मंगळसूत्राची गोष्ट सांगते, कारण त्याशिवाय माझा राग कळायचा नाही.

वरच्या मजल्यावर सत्यनारायण होता. नवी सून होती घरात. ती वाकून सगळ्यांच्या पाया पडत होती. मास्तरांच्या पाया पडली तेव्हा मंगळसूत्र पुढं लोंबलं. मास्तरांचं भिंग लागलंच. म्हणाले, "पोरी, वाटीच्या कडेला तांबं दिसतंय. सोन्याचं म्हणून दिलंय का तुला?"

भर पूजेत. भटजी पोथी वाचायचे थांबले. पोरीचे आईवडील गावाहून आलेले, समोरच बसलेले. सासरा उठला आणि मास्तरांच्या अंगावर धावून आला, "ए मास्तर, घरात बोलावलं म्हणून काय पण बोलशील काय?" कोणी मास्तरांचा शर्ट धरला, एक बटण तुटलं. तेव्हा मध्ये कोण पडलं? मी. मी म्हटलं, "शर्ट सोडा आधी. सोन्याचं आहे की नाही तेवढं सांगा. असेल तर मास्तर माफी मागतील, नसेल तर तुम्ही मागा." सोन्याचं नव्हतंच. त्या पोरीचे किती हाल झाले नंतर! कितीतरी दिवस ती नळावर पाणी भरायलासुद्धा खाली मान घालून यायची. बायका मला म्हणाल्या, "मास्तरांनी एकट्यात सांगायला हवं होतं." मी सगळ्यांशी भांडले. म्हटलं, एकट्यात सांगितलेलं दाबलं जातं. मास्तर बोलले ते बरोबर बोलले. वरच्या मजल्यानं माझ्याशी बोलणं सोडलं. सोडेना का.

तर मी मास्तरांच्या बाजूनं अशी उभी राहिलेली बाई. हे मास्तरांना ठाऊक होतं.

दुपारी डबा द्यायला गेले की मास्तर मला विक्रीच्या जाहिराती वाचून दाखवायचे. किंमत कशी बघायची तेही सांगायचे, मी विचारलं नाही तरी. विकणारा काय मागतो ते बघायचंच नाही. तसलंच नाणं आधी लिलावात शेवटी कितीला गेलं ते शोधायचं. मग आपलं नाणं किती झिजलंय, अक्षरं वाचता येतात का, तोंड मधोमध बसलंय की सरकलंय, ते बघून वरखाली करायचं. यात मला नवल वाटलं नाही. कोळीण सांगते तो भाव वेगळा आणि ज्या भावाला मासा टोपलीतून उठतो तो वेगळा. नवल वेगळ्याच गोष्टीचं वाटलं. एकदा त्यांनी एक खरं नाणं दाखवलं, म्हणाले, "हे सोळाशे वर्षांपूर्वीचं."

मी म्हटलं, "मग लाखाचं असेल."

"छे. एका बऱ्या पापलेटाच्या किमतीत येतं. त्या राजानं इतकी पाडली की अजून जमिनीतून पोत्यानं निघतात."

"इतकं जुनं आणि इतकं स्वस्त?"

"जुनं म्हणजे महाग, असं वाटणाऱ्या माणसांवरच तर यांची दुकानं चालतात."

आणि त्यांचा एक ठाम नियम होता. जिथं नाण्यापेक्षा गोष्ट मोठी असते तिथून घ्यायचं नाही. एका नव्या विक्रेत्याची जाहिरात त्यांनी मला वाचून दाखवली. इंग्रजीत होती, मास्तर मराठीत सांगत होते. "लिहितोय, माझे आजोबा आगबोटीवर खलाशी होते. इटलीच्या बंदरात एका म्हाताऱ्या बाईनं त्यांना ही थैली दिली. घरची अडचण आहे म्हणून जड मनानं विकतोय." मास्तर हसत होते. "वहिनी, या खलाशांनी किती थैल्या आणल्या हो! बोट बुडाली कशी नाही?" मीही हसले. खूप हसले. आता आठवलं की स्वतःचं तोंड फोडून घ्यावंसं वाटतं.

त्यानंतर काही दिवसांनी मास्तरांनी जाहिराती वाचून दाखवणं बंद केलं. डबा घ्यायचे, "ठेवा" म्हणायचे. मीठ जास्त झालंय हेसुद्धा म्हणेनात. मला वाटलं, डोळे बिघडले असतील.

मग माहीमची ती मुलगी आली. मास्तर इंटरनेटवर लोकांना फुकट सांगायचे, फोटो पाठवा, मी खरं-खोटं सांगतो. तिथून पत्ता काढून आलेली. नोकरी करणारी, साधी मुलगी. मी डबा घेऊन गेले तर ती खुर्चीच्या टोकावर बसलेली. म्हणाली, "बाबा शाळेत इतिहास शिकवायचे. रिटायर झाले परवा. त्यांना द्यायला घेतलं. पण देण्याआधी म्हटलं तुम्हाला दाखवावं. खोटं असेल तर मला नाही द्यायचं त्यांना."

मास्तरांनी नाणं काट्यावर ठेवलं. कड बघितली. भिंग लावलं. मग जीभ लावली आणि नाणं हातातच धरून बसून राहिले. माझ्याकडे बघितलं, परत नाण्याकडे बघितलं.

"काय सर?" मुलगी म्हणाली.

"सांगता येत नाही," मास्तर म्हणाले.

माझ्या हातातला डबा तसाच राहिला. मास्तरांना सांगता येत नाही? आंबा सांगता येतो, सोनं सांगता येतं, पूजेत बसून सांगता येतं, आणि ज्यात त्यांची हयात गेली ते सांगता येत नाही?

मुलगी म्हणाली, "म्हणजे खरं असू शकतं?"

"तसं नाही. तसंही नाही. असं करा, हे मला द्या. तुम्ही जी किंमत दिली ती मी देतो. वडिलांसाठी मी सांगतो त्या ठिकाणाहून दुसरं घ्या."

कपाटातून पैसे काढून त्यांनी तिच्या हातात ठेवले. ती बिचारी आभार मानत गेली. मी म्हटलं, "मास्तर, काय प्रकार आहे?"

"डोळे दगा देतात हल्ली, वहिनी."

"जिभेलाही मोतीबिंदू झाला का?"

मास्तरांनी डबा माझ्या हातातून घेतला. डब्याचं झाकण उघडलं आणि जेवायला बसले. मी उभी असताना ते कधी जेवायला बसत नसत.

आता माझ्या घरातलं सांगते. मी कोकमाचं आगळ घालते, दरवर्षी. आगळ म्हणजे कोकमाचा दाट रस, मिठात मुरवलेला. त्याची सोलकढी होते. आमच्याकडे रीत अशी की बरणी आधी धुवायची, उन्हात वाळवायची, मग निखाऱ्यावर हिंग टाकून त्याच्या धुरावर पालथी घालायची. त्यानं आगळ वर्षभर टिकतं आणि त्याला एक वास लागतो. आमच्या चाळीत हे कोणी करत नाही. सगळ्या बाटलीतलं विकत आणतात.

गणपतीच्या आधी मी माळ्यावरून जुनी बरणी काढायला सांगितली. माझा मुलगा नितीन घरात नव्हता, सुनेनं काढून दिली. बरणी जड लागली. गेल्या वर्षीचं तळाशी राहिलेलं तेवढं आगळ असायला हवं होतं. मी पळी घातली, पळी कशावर तरी वाजली. वर काढली तर पळीत जाड्या.

सूज आलेलं तोंड, कानामागे ओरखडा. परत पळी घातली, परत जाड्या. आणखी खाली दाढीवाला. आगळात मुरत पडलेले रोमचे राजे, आवळ्यासारखे. बरणीमागे माळ्यावर ओल्या फडक्यात गुंडाळलेले आणखी. त्यांना हिरवा रंग चढायला लागला होता.

मला समजायला वेळ लागला नाही. ही अक्कल नितीनला माझ्याच घरात मिळाली होती. मी देवाची भांडी कोकमाच्या सालींनी घासते. लहानपणी त्याला घासायला बसवलं की मी दहादा ओरडायची, "नीट धू, पूस, कोकम राहिलं तर सकाळी हिरवी होतील." ते पोरानं बरोबर लक्षात ठेवलं होतं. शाळेतलं काही लक्षात राहिलं नाही, हे राहिलं. त्याची नोकरी गेल्याला बरेच दिवस झाले होते. विचारलं की म्हणायचा, "ऑनलाइन बिझनेस करतोय, तुला नाही कळणार." कुठल्याशा ओतकामवाल्याकडून किलोच्या भावानं आणायचा, आगळात घालायचा, मग फडक्यात गुंडाळून हिरवी करायचा.

आणि जाहिरातीतले ते खलाशी आजोबाही त्यानंच रचलेले! त्याचे आजोबा म्हणजे माझे सासरे. मिलमध्ये साच्यावर कापड विणण्यात जन्म गेला त्यांचा. बोटीत बसले ते गावाला जायच्या, आणि तेही सगळा प्रवास उलट्या करत.

मी बरणी उचलली आणि चपला न घालता मास्तरांकडे गेले. त्यांच्या टेबलावर बरणी आदळली. आगळ उडालं, त्यांच्या कागदांवर, शर्टावर.

"काय हे, वहिनी?"

"तुम्ही सांगा. लावा जीभ."

ते बरणीकडे बघत राहिले. भिंगाला हात लावला नाही.

"लावा की! गावभर लावत फिरता."

"गरज नाही," मास्तर म्हणाले. "बरणीला हिंगाची धुरी तुमच्याशिवाय कोण देतं? आणि मीठही तुमचंच."

"कधीपासून ठाऊक आहे?"

"त्या खलाशाचं पहिलं पार्सल आलं तेव्हापासून."

म्हणजे वर्ष होत आलं होतं. माझा मुलगा वर्षभर लोकांना लुबाडत होता, आणि हा माणूस रोज माझ्या हातचं खात होता आणि गप्प होता. वर पुतण्याकरवी त्याचा माल विकत घेत होता. मी खिडकीकडे बघितलं. माळ नेहमीएवढीच होती.

"ती घेतलेली कुठं आहेत?"

"आहेत."

"भोकं का नाही पाडलीत?"

"माळ तुमच्या समोर लटकली असती. तुम्ही रोज येता."

माझ्या डोक्यात काय गेलं ते सांगता येत नाही. मी म्हटलं, "मास्तर, त्या पोरीला भर पूजेत उघडी पाडलीत. तिचे आईबाप समोर होते. तेव्हा दया नाही आली. मी तुमच्यासाठी अख्ख्या मजल्याशी वाकडं घेतलं. आणि माझ्यावर आली होय दया? मी काय भिकारीण आहे, मला खोटं वाढायला? पहिल्या दिवशी सांगितलं असतंत तर पोरगं पहिल्या दिवशी थांबलं असतं. एका पार्सलाचा चोर होता तेव्हा. आता वर्षाचा झालाय. आणि तुम्ही त्याला गिऱ्हाईक होऊन पोसलात!"

मास्तर शर्टाच्या बाहीनं टेबलावरचं आगळ पुसत होते. पांढरा शर्ट. म्हणाले, "डबा बंद केला असतात तुम्ही."

"केला असता! चार दिवस केला असता. मग दिला असता."

"ते मला कुठं ठाऊक होतं?"

"इतकी वर्षं जेवताय आणि तेवढं कळलं नाही? मग कसली मेली तुमची पारख?"

 मी त्यांचा हातोडा उचलला, खिळा उचलला, बरणी काखेत घेतली आणि आले.

नितीन संध्याकाळी आला. मी गॅलरीत पाट मांडून ठेवला होता. त्यावर बरणी, हातोडा, खिळा.

"आई, हे काय? आत चल ना. लोक बघतायत."

"बघू देत. बस."

"अगं, सगळेच करतात. घेणाऱ्यालापण माहीत असतं, एवढ्या पैशात काय मिळणार."

"माहीमच्या मुलीला माहीत होतं? बापाला द्यायला घेतलं होतं तिनं."

तो चपापला. "तुला कोणी सांगितलं?"

"आणि तुझं दादरचं गिऱ्हाईक कोण आहे ते माहिताय? मास्तर. पुतण्याच्या नावानं घेत होते."

तर हा हसला. खरंच हसला. "काय सांगतेस! म्हणजे मास्तरांना येडा बनवला मी?"

मी मारली त्याच्या थोबाडीत. केस पांढरे व्हायला लागलेत त्याचे, तरी मारली. सून दारात होती, तिनं तोंडाला पदर लावला. सगळा मजला बाहेर आला. मी म्हटलं, "तू नाही बनवलास. त्यांनी तुला आणि मला बनवलं. बस खाली आणि पाड भोकं."

तो बसला. पहिला घाव बाजूला पडला, अंगठ्यावर. मी सांगितलं, गालात मार. शेजारीण विचारायला आली, "काय गं, काय चाललंय?" मी मोठ्यानं सांगितलं, "नितीन खोटी नाणी करून विकत होता. माझ्या आगळात. त्यांना भोकं पाडतोय." वरच्या मजल्यावरची ती सून जिन्यात उभी होती, मंगळसूत्रवाली. तिनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. तेव्हा मला कळलं तिच्यावर त्या दिवशी काय आलं असेल. कळलं, पण म्हणून मी थांबले नाही.

मास्तर त्यांच्या दारात आले. शर्टावर डाग तसाच. म्हणाले, "वहिनी, पुरे."

मी म्हटलं, "तुम्ही आत जा."

गेले.

नितीन सुधारला वगैरे मी म्हणणार नाही. त्यानं ते दुकान बंद केलं, ज्यांचे पत्ते होते त्यांना पैसे परत पाठवले, त्यासाठी मी माझ्या पाटल्या मोडल्या. आता गाडी चालवतो, लोकांची पार्सलं पोचवतो. माझ्याशी कामापुरतं बोलतो. मला तेवढं चालतं.

मास्तरांचा डबा मी बंद केला. चार दिवस. मग सुरू केला. पण पुढं मी दारातच ठेवून यायची, आत गेले नाही. एकदा आतून आवाज आला, "वहिनी, मीठ जास्त झालंय." मी डबा ठेवला आणि परत फिरले. डोळ्यांनी त्यांना नंतर खरोखरच दिसेनासं झालं, आणि ऑपरेशनची तारीख मिळायच्या आधीच ते गेले.

शोकसभेनंतर त्यांचा पुतण्या माझ्याकडे आला. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. म्हणाला, "काकांनी सांगून ठेवलं होतं, हा तुमच्याकडे द्यायचा. आत जुनी नाणी आहेत. किमती असतील, जपून ठेवा."

मी झाकण उघडलं. डोळ्यांनी बघायची गरजच नव्हती, हिंगाचा वास आला. सगळे जाड्या, सगळे दाढीवाले, एकाच्याही गालाला भोक नाही. खोटं एकही साबूत ठेवणार नाही म्हणणारा माणूस, आणि माझ्या घरचं सगळं साबूत ठेवून गेला, वर माझ्याच हवाली करून. इतका संताप आला की पुतण्याला चहासुद्धा विचारला नाही.

हातोडा अजून माझ्याकडेच होता. गॅलरीत बसले आणि एकेकाला भोक पाडलं. एकही घाव बाहेर गेला नाही. सुतळीत ओवले आणि माझ्या खिडकीत टांगले. कबुतरं येत नाहीत. सोलकढीचं मीठ मी कमी केलेलं नाही.

परवा सुनेची मैत्रीण आली होती. माळ बघून म्हणाली, "काकू, किती छान आहे! कुठून घेतलीत?"

सून माझ्याकडे बघायला लागली.

मी म्हटलं, "घरी केलेली आहे. सगळी खोटी."